जिंकेल त्यानं वाकायचं

आमच्या वस्तादांनी आयुष्यात एकाही मुलाला मारायला शिकवलं नाही. हे सांगितलं की ऐकणारा हसतो, कारण ते आखाडा चालवत आणि लाठी शिकवत. मारायचं नाही तर लाठी कशाला, असं कोणालाही वाटेल. माझ्या बाबांनाही वाटलं होतं. बाबांकडे मी येणारच आहे. त्यांना टाळून ही हकीगत सांगता येत नाही, आणि मी बरीच वर्षं तसा प्रयत्न करून पाहिला आहे.

वस्ताद छोट्या लाइनीवर गेटमन होते. आमच्या पुलगावहून आर्वीला जाणारी ती चिमुकली गाडी दिवसातून दोनदा जायची आणि दोनदा यायची, तीही आपल्या सवडीनं. गेटाला लागून त्यांची एक खोली होती, खोलीमागे कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत चाळलेल्या मातीचा हौद. नदीकाठची माती ते स्वतः डोक्यावरून वाहून आणत, चाळत, तिच्यात हळद आणि ताक घालत. सकाळी सहाला वर्ग सुरू व्हायचा आणि आठची गाडी आली की संपायचा. गाडी उशिरा आली तर वर्गही लांबायचा. मग आम्ही शाळेत उशिरा पोचायचो आणि गाडीचं नाव सांगायचो. आमच्यातलं कोणीही गाडीनं शाळेत येत नव्हतं, तरी मास्तर ते कारण मान्य करत.

दिसायला वस्ताद म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. ठेंगणे, सुकलेले, तरुणपणीच्या कुस्तीनं उजवा कान चुरगळलेला. उघड्या अंगावर रेल्वेचा निळा कोट, अगदी वैशाखातसुद्धा. काढा की म्हटलं तर म्हणत, "ड्यूटीवर हावो ना मी." पाच ते दहा वर्षांचीच मुलं ते घेत. दहाच्या पुढच्याला परत पाठवत. "त्याच्या मानेत हाड भरलं आता," असं त्याच्या तोंडावर सांगत. त्याचा बाप रागावून निघून जाई, आणि वस्ताद शांतपणे रुळावरचं गवत उपटायला लागत.

हजेरी ते नावानं घेत नसत. पहिल्या दिवशी मुलाला विचारत, "तू कोणाले भेतं?" मुलगा जे सांगेल ते त्याचं आखाड्यातलं नाव. रोज सकाळी ते ओळीनं पुकारत: "विहीर?" "हजर." "अंधार?" "हजर." एकानं स्वतःच्या आजीचं नाव सांगितलं होतं, तीही रोज हजर असे. माझं नाव कुत्रं. भीती गेली की जाऊन सांगायचं, मग ते दुसरी विचारत. दुसरी नाही म्हटलं तर म्हणत, "जाय, झाडाखाली बसून शोध. सापडल्याशिवाय उठू नको." आपल्याला कशाची भीती वाटते ते वीस जणांसमोर रोज मोठ्यानं सांगायचं, यात लाज वाटायची ती पंधरा दिवस. नंतर वाटेनाशी झाली. कुत्र्याची भीती मात्र माझी मी तिथं होते तोवर टिकली.

मला तिथं घातलं त्याचं कारण मी सारखी पडायची. सपाट रस्त्यावरसुद्धा पडायची. सातव्या वर्षी पुढचे दोन दात दगडावर फोडून घेतले तेव्हा आईनं हाय खाल्ली, आणि कोणीतरी बाबांना सांगितलं की गेटावरचा वस्ताद पोरांना पडायला शिकवतो. ते खरंच होतं. पहिलं वर्षभर वस्ताद काठीला हात लावू देत नसत. कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या बारदानात रुईचा कचरा भरून त्यांनी गाद्या केल्या होत्या; आधी त्यांच्यावर पडायचं, मग मातीत. पुढे, मागे, डाव्या कुशीवर. हनुवटी छातीशी, तोंड मिटलेलं, हात सैल.

बाबा मला घेऊन गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबा कापडगिरणीत हजेरीबाबू होते. कोण कामगार आला, कोण उशिरा आला, कोणाचा खाडा लावायचा, हे त्यांच्या लेखणीवर असे. त्यामुळे गावात त्यांना मान होता आणि तो त्यांना आवडायचा. त्यांनी वस्तादांना विचारलं, "मुलगी आहे. चालते का?"

"पोरगी काय वर पडते का, बाबूजी? सारे खालीच पडतात."

"अन् याच्यानं फायदा काय?"

वस्तादांनी विचार केला. "पडली त तोंड नाई फुटणार."

"एवढाच?"

"मले त एवढाच मालूम हाय."

परवा नातीसाठी सुनेनं कराटेच्या वर्गाचा एक गुळगुळीत कागद आणला. त्यात लहान मुलांना होणारे फायदे ओळीनं छापले होते: आत्मविश्वास, एकाग्रता, शिस्त, आणखी बरंच. खोटं त्यात काही नव्हतं. त्यांतलं बरंचसं मला मिळालंही, वस्तादांनी कबूल केलेलं नसताना. सहा महिन्यांत माझं पडणं थांबलं. मान वर करून चालू लागले, वर्गात हात वर करू लागले. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी सुधरली." ज्या एका गोष्टीत मी सुधारले नाही ती त्या कागदावर नव्हती.

वस्तादांजवळ त्यांचा धाकटा भाऊ राहत असे. आम्ही त्याला काका म्हणायचो. भाकरी भाजणं, झेंडे धुणं, कंदील पुसणं ही त्याची कामं. त्याचा डावा डोळा नव्हता. तिथं नुसती मिटलेली कातडी होती. रोज वर्ग सुरू होण्याआधी वस्ताद चुलीपाशी जात आणि या धाकट्या भावाच्या पाया पडत. काका तव्यावरून नजर न काढता म्हणायचा, "हं, झालं, जा आता." मोठ्यानं धाकट्याच्या पाया पडलेलं आम्ही कुठं पाहिलेलं नव्हतं. पहिले काही दिवस हसू यायचं.

एकदा मी कारण विचारलं. वस्ताद लपवाछपवी करणारे नव्हते. म्हणाले, "त्याचा डोळा माह्या काठीनं गेला. जत्रेत दोघं लढून राह्यलो होतो, लोकं पाहून राह्यले होते. मी जितलो. जितलो म्हणून नाचलो, फेटा उडवला. तो डोळा धरून मातीत बसला होता अन् मी नाचून राह्यलो होतो. लोकंही टाळ्या पिटून राह्यले होते." मग म्हणाले, "मारणं त चुकलंच. पण नाचणं जास्त चुकलं."

त्यांच्या आखाड्याचे दोन्ही कायदे इथून आलेले होते. दोघांच्या हातात काठ्या. समोरच्याच्या हातून काठी सोडवायची, पण त्याच्या अंगाला लागू द्यायची नाही. लागली तर लावणारा हरला. हा पहिला. आणि काठी सोडवली, जिंकलं, की पडलेली काठी आपण उचलायची, दोन्ही हातांनी समोरच्याला द्यायची आणि त्याच्या पाया पडायचं. हरणारा नव्हे, जिंकणारा वाकायचा. "हरलेला त वाकलेलाच रायते," वस्ताद म्हणत. "त्याले अजून काय वाकवायचं?"

माझ्या जोडीला एक मुलगा होता, स्टेशनापलीकडच्या वस्तीतला. त्या वस्तीतल्या माणसांना आमच्या आळीतल्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. कायद्यानं ते संपलं होतं, पण विहिरीला अजून कोणी कळवलं नव्हतं. त्याचा बाप गिरणीत गाठी वाहणारा हमाल होता. पहिल्या दिवशी वस्तादांनी विचारलं, तू कोणाले भेतं, तेव्हा तो म्हणाला, "हजेरीबाबूले." मग रोज सकाळी वस्ताद पुकारायचे, "हजेरीबाबू?" आणि तो म्हणायचा, "हजर." माझ्या बाबांना इतकं घाबरणारं कोणीतरी आहे, याचा मला अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा. ते लिहिताना आज हात जड होतो, पण लिहायला हवं.

तो चपळ होता. दहातल्या आठ वेळा माझी काठी सुटायची. मग तो वाकायचा. उरलेल्या दोन वेळा मी वाकायची, आणि त्यात मला काही वाटायचं नाही. गेटामागे बघायला होतंच कोण, काका आणि एक शेळी.

आणि मग ती नागपंचमी आली. त्या दिवशी गावोगावचे आखाडे बाजाराच्या मैदानात कसरती दाखवत. वस्ताद कधी जात नसत. त्या वर्षी मुलांच्या आयांनीच आग्रह धरला म्हणून तयार झाले. पाऊस उघडलेला होता. गिरणीतली मंडळी पुढे बाकांवर बसली होती, त्यांत बाबा, धुतलेल्या कोटात. वस्तीतली माणसं पार मागे, बैलगाड्या सोडल्या होत्या तिथं उभी. त्यांच्यात त्या मुलाचा बाप होता.

आमची जोडी शेवटी लागली. काठ्या दोन-चार वेळा अडकल्या, सुटल्या, आणि मी मनगट फिरवलं तशी त्याची काठी उडून मातीत पडली. मी जिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बाबूची पोरगी," असं कोणीतरी म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मी काठी उचलली आणि त्याला दिली. दोन्ही हातांनी दिली. आता वाकायचं होतं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. फार नाही, एवढीशीच. नको.

मी वाकले नाही. टाळ्या थांबल्या, तरी मी तशीच उभी. तो मुलगाही उभा, काठी दोन्ही हातांत आडवी धरून. तो माझ्याकडे नाही, खाली स्वतःच्या पायांकडे पाहत होता, जणू त्या पायांनीच काही गुन्हा केला होता. वस्तादांनी बराच वेळ वाट पाहिली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मग ते पुढे आले, निळा कोट काढून बाजूला ठेवला आणि सगळ्या गावासमोर त्या हमालाच्या मुलाच्या पायांवर डोकं टेकलं. उठून लोकांना म्हणाले, "पोरीचं चुकलं नाई. माहं शिकवणं कमी पडलं." कोट घालून ते गेटाकडे चालू लागले, कारण संध्याकाळची गाडी यायची होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला बावीसपैकी पाच मुलं गेली. मी त्या पाचांत नव्हते. त्या रविवारी आळीतले चार-सहा जण आमच्या ओसरीवर जमले. बाबांचं अक्षर गावात नावाजलेलं, म्हणून अर्ज त्यांनी लिहायचं ठरलं. मला दौत आणायला सांगितलं. मी आणली. बाबा लिहिताना हळू आवाजात वाचत होते: सदर गेटमन कामाच्या वेळी रुळाजवळ लहान मुलं जमवतो, त्यांच्या जिवाला धोका आहे. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मुलं रुळाजवळ जमतच होती. पाया पडण्याचा त्यात उल्लेख नव्हता. खाली सगळ्यांनी सह्या केल्या आणि आईनं चहा दिला.

पंधरा दिवसांत वस्तादांची बदली झाली. दोघे भाऊ एक पेटी आणि दोन घोंगड्या घेऊन त्याच छोट्या गाडीनं गेले. मी पोचवायला गेले नाही. नव्या गेटमननं हौदात मिरच्या लावल्या.

त्यानंतर आठेक वर्षांनी मी परीक्षा पास होऊन मास्तरीण झाले आणि पहिलीच नेमणूक त्याच छोट्या लाइनीवरच्या रोहण्याला मिळाली. गाडीतून उतरून गावाकडे निघाले तर गेटापाशी आवाज: "साप?" "हजर." "मास्तर?" "हजर." शेतकऱ्यांची पंधरा-वीस पोरं ओळीत उभी होती. वस्ताद आणखी सुकले होते. कोट तोच, किंवा तसाच. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कुत्रं?"

मी वळकटी खाली ठेवली. पोरं गेल्यावर काकानं चहा केला, आणि मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "वस्ताद, तो अर्ज माझ्या बाबांनी लिहिला होता."

"मालूम हाय मले. साहेबानं दाखवला होता. अक्षर मोत्यावानी होतं."

"दौत मी आणून दिली होती."

"बापानं सांगतली त आणशीन नाई त काय करशीन? नऊ वर्साची होती तू."

"मी वाकायला पाहिजे होतं."

त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "अजून एक गोष्ट हाय. सांगू का नको, याचा इचार म्या लय दिवस केला. त्या दिवशी तू जितली नव्हती. त्यानं काठी सोडून देल्ली."

"सोडून दिली?"

"हात सुटणं येगळं, हात सोडणं येगळं. मले समजत नाई का? म्या गाडीत बसाच्या आधी त्याले इचारलं. तो बोलला, आदल्या दिवशी बापानं सांगतलं होतं. बाबूच्या पोरीले साऱ्यांसमोर हरवू नको, मस्टरवर खाडे लागतीन."

मी खाली बसले. मला कितीतरी दिवस वाटत आलं होतं की माझ्याकडून एक नमस्कार राहिला, लहानपणी राहतात तसा. तो मुलगा दहा वर्षांचा होता. तो बापाच्या पोटासाठी ठरवून हरला, आणि हरलेल्याला या आखाड्यात जो मान मिळायचा, निदान तेवढा आपल्याला मिळेल म्हणून काठी आडवी धरून उभा राहिला. तोही मी दिला नाही.

"मी तुमची माफी मागते," मी म्हटलं.

"माही कायले?" वस्ताद जरा चिडून म्हणाले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "माहे पाय नाई रायले तुयाकडे. ज्याचे रायले त्याच्याकडे जाय."

पुढे मी रोहण्याला होते तोवर शाळेतली लहान मुलं सकाळी त्यांच्याकडे पाठवत असे. मुख्याध्यापकांनी विचारलं की यातून फायदा काय, तर मी सांगायची की पडली तरी तोंड फुटत नाही. वस्ताद नोकरीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच गेले. काका त्यांच्या मागे तीन वर्षं होता. शेवटच्या आजारातसुद्धा सकाळी वस्ताद खाटेवरून हात पुढे करायचे आणि काका आपले पाय त्या हातापर्यंत आणून ठेवायचा, असं तो मला सांगत होता. बोलता बोलता रडला. एका डोळ्यातूनच पाणी येत होतं.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. रोहण्याच्या त्या भेटीनंतर पहिल्याच सुट्टीला मी पुलगावला आले आणि घरी न जाता स्टेशनापलीकडे गेले. विचारत विचारत घर सापडलं. तो आता लष्कराच्या डेपोत कामाला लागला होता. दारात बसून सायकलची साखळी साफ करत होता. मला त्यानं ओळखलं. त्याची आई आतून आली, मला पाहून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "बाबूजीची पोरगी ना? काऊन आली, बाई? काही झालं का?" इतक्या वर्षांनीही तिच्या आवाजात तीच धास्ती होती.

मी म्हटलं, नागपंचमीचं एक राहिलंय. आणि वाकू लागले. तो झटकन मागे सरला.

"इथं नको," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. "इथं त कोणी नाई. तिथं पाहिजे होतं."

त्याचं बरोबर होतं. घरी येऊन, वस्तीच्या गल्लीत, दोन माणसांत वाकणं मला सोपं होतं. मी सोपं तेवढंच करायला आले होते. मला त्याचा नाही, स्वतःचाच राग आला.

"आज बाजार आहे," मी म्हटलं. "चल."

त्यानं आईकडे पाहिलं. तिनं दारातली सायकल बाजूला घेतली. त्यानं फडक्याला हात पुसले, खुंटीवरचा सदरा घातला आणि आम्ही निघालो. मैदान माणसांनी भरलेलं होतं. जिथं त्या दिवशी बाक मांडले होते तिथं आता भाजीवाल्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बाबा उभे होते, हातात पिशवी, कोथिंबिरीची जुडी निवडत. त्यांनी मला पाहिलं, त्याला पाहिलं, आणि बहुतेक त्यांना सगळं समजलं, कारण त्यांनी पुन्हा मान हलवली. त्या दिवसासारखीच, एवढीशी.

मी वाकले. दोन्ही हात त्याच्या पायांना लावले, कपाळ टेकवलं, आणि लगेच उठले नाही. आजूबाजूचा भावताव थांबल्याचं मला ऐकू आलं.

त्यानं मला खांद्यांना धरून उठवलं. "दोन साल झाले बाबाले जाऊन," तो म्हणाला. "त्यानं पाह्यलं पाहिजे होतं."

माझे बाबा सहा पावलांवर उभे होते. त्यांनी पाहिलं.